‘आय हॅव’ म्हणायचं की ‘आय ॲम हॅविंग’?

 

जूनमधल्या ग्रामसंघाच्या बैठकीत हिशेब झाला, इतिवृत्त लिहून झालं, चहा आला. तेव्हा एका ताईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. “मॅडम, पहा बरं, कोणी ४३६ रुपये टाकले माह्या खात्यात?” मेसेज इंग्रजीत होता आणि त्यात ‘हॅज बीन डेबिटेड’ असे शब्द होते. म्हणजे टाकले नव्हते, कापले होते. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आहे. तो मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप जातो. ताई जरा हिरमुसल्या, मग म्हणाल्या, “हे हॅज हॅज काय असते, एकदा समजावून सांगा बरं आमाले.” बाकीच्यांनीही तेच लावून धरलं. म्हणून या अंकात मी इंग्रजीतलं एकच क्रियापद घेऊन आली आहे, हॅव.

एकच का, असं तुम्ही विचाराल. एक तर हा शब्द मेसेजमध्ये, फॉर्मवर, लेकरांच्या पुस्तकात, कर्जाच्या कागदावर, सगळीकडे आहे. दुसरं म्हणजे आपण मराठी माणसं नेमकी इथेच अडखळतो. मी पण अडखळली आहे. समाजकार्याची पदवी हातात घेऊन मी एका नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. घरच्यांबद्दल सांगा म्हणाले. मी ठणकावून सांगितलं, ‘आय ॲम हॅविंग वन ब्रदर.’ समोरचे एक सर हसून मराठीत म्हणाले, “आज हॅविंग आहे, उद्या राहणार नाही का भाऊ?” मला तेव्हा काही समजलं नाही, फक्त कानशिलं गरम झाली. ती नोकरी मिळाली नाही. भावामुळे नाही मिळाली असं म्हणत नाही, पण ते वाक्य मी घरी येऊन चार पुस्तकांत शोधलं.

त्यातून जे कळलं ते असं. आपल्या मराठीत ‘हॅव’ला सरळ शब्दच नाही. आपण काय म्हणतो पहा. ‘मला दोन लेकरं आहेत.’ ‘माझ्याकडे शिलाई मशीन आहे.’ ‘मला ताप आहे.’ ‘माझ्यापाशी पैसे नाहीत.’ या सगळ्यांत क्रियापद एकच, ‘आहे’. आणि ‘आहे’ ते कोण? लेकरं आहेत, मशीन आहे, ताप आहे. आपण स्वतः बाजूला उभ्या, ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘माझ्यापाशी’ असं म्हणत. त्यातही आपण किती बारकाईनं निवडतो! ‘मला दोन लेकरं आहेत’ म्हटलं की ती माझी. ‘माझ्याकडे दोन लेकरं आहेत’ म्हटलं की बहिणीची, उन्हाळ्यात राहायला आलेली. हा फरक आपल्याला कोणी शिकवला नाही, तरी कधी चुकत नाही.

इंग्रजीत ही निवड नाही. लेकरं असोत, मशीन असो की ताप, सगळ्याला एकच ‘हॅव’. आणि तिथे वाक्याच्या सुरुवातीला माणूस येतो, वस्तू नाही. आय हॅव टू चिल्ड्रन. आय हॅव अ सोइंग मशीन. आय हॅव अ फीवर. ‘मला’ आणि ‘माझ्याकडे’ विसरायचं. ‘मी’ म्हणायचं, मग हॅव, मग जे काय आहे ते.

मग आपण ‘ॲम हॅविंग’ कुठून आणतो? मला वाटते ते असं होते. शाळेत ‘आहे’ म्हणजे ‘ॲम, इज, आर’ असं घोकून घेतलेलं असते. वाक्य मनात मराठीत तयार होते, त्यात शेवटी ‘आहे’ असते, म्हणून तोंडातून आधी ‘आय ॲम’ निघून जाते. मग पुढे हॅव तर आणायचं आहे. ‘आय ॲम हॅव’ कानाला बरं वाटत नाही, म्हणून त्याला ‘इंग’ लावून मोकळं होतो. आपल्याच एकट्यांचं असं नाही. देशभर कित्येक शिकलेले लोकही ‘आय ॲम हॅविंग’ म्हणतात, त्यामुळे लाजायचं कारण नाही. पण चूक का आहे ते समजून घेऊ.

‘इंग’ लावलं की इंग्रजीत अर्थ होतो, काम आत्ता सुरू आहे आणि थोड्या वेळानं संपणार आहे. आय ॲम कुकिंग, मी स्वयंपाक करत आहे, तासाभरानं झाला. आय ॲम वॉशिंग, धुणं सुरू आहे. आता भाऊ असणं हे काही सुरू होऊन संपणारं काम नाही. मशीन असणं, शेत असणं, गटात दहा बाया असणं, हेही नाही. जे आहे ते आहे. तिथे साधा वर्तमानकाळ, नुसतं हॅव. ते सर काय म्हणत होते ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या ध्यानात यायला मला आठ दिवस लागले.

लेकरांच्या बाबतीत तर भलतंच होते. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ हे इंग्रजीत बरोबर वाक्य आहे, पण त्याचा अर्थ तिला मूल आहे असा नाही. तिला मूल होणार आहे, दिवस गेलेले आहेत, असा आहे. म्हणजे एखाद्या प्रदर्शनात आपल्या स्टॉलवर दिल्लीच्या बाईंनी विचारलं आणि तुम्ही ‘आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन’ म्हणालात, तर त्या तुमच्या पोटाकडे पाहतील!

आता हॅव आणि हॅज. हे सोपं आहे, लवकर उरकते. आय, यू, वी, दे यांच्यासोबत हॅव. ही, शी, इट किंवा कोणा एकाचं नाव असेल तर हॅज. वी हॅव टेन गोट्स. माय सिस्टर हॅज टेन गोट्स. गट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दहा बाया येतात, पण गट हा एक आहे, म्हणून ‘अवर ग्रुप हॅज टेन मेंबर्स’. ही वही मी भरपूर वेळा तपासली आहे, गटाच्या नावापुढे सगळ्या जणी ‘हॅव’ लिहितात.

प्रश्न आणि नकार करताना एक गंमत होते. मध्ये ‘डू’ किंवा ‘डज’ येते. डू यू हॅव जवस चटणी? आहे का? यस, आय डू. किंवा नो, आय डोन्ट. एका व्यक्तीबद्दल विचारताना ‘डज शी हॅव अ बँक अकाउंट?’ आणि उत्तर ‘शी डझन्ट हॅव अ बँक अकाउंट’. इथे ‘हॅज’ येत नाही, कारण तो ‘ज’ आधीच ‘डज’मध्ये जाऊन बसला. एका घरात एक सासू पुरे, दोन नको, असं मी प्रशिक्षणात सांगते. हसतात सगळ्या, पण मग विसरत नाहीत.

स्टॉलचा विषय निघालाच तर सांगते. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला किंवा इतर कुठल्या प्रदर्शनाला आपल्या गटाचा माल गेला तर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुतेक ‘डू यू हॅव’नेच सुरू होतो. डू यू हॅव स्मॉल पॅकेट्स? डू यू हॅव चेंज? चेंज म्हणजे सुटे पैसे. गिऱ्हाईक पुढे काय म्हणते ते सगळं नाही समजलं तरी चालते. ‘डू यू हॅव’ ऐकू आलं की समजा काहीतरी आहे का विचारत आहेत, मग फक्त शेवटचा शब्द पकडा. ‘इंग्लिश विंग्लिश’ पाहिला असेल तुम्ही, गौरी शिंदे यांचा, २०१२ सालचा. श्रीदेवी त्यात पुण्यातली लाडू करून विकणारी शशी झाली आहे. तिला लाडवांचं सगळं येत होतं, चहाकॉफीची ऑर्डर देता येत नव्हती. आपलं तसंच आहे, चटणीचं गणित तोंडपाठ आणि चेंज म्हटलं की घाबरगुंडी.

फॉर्मवरच्या एका प्रश्नावर मात्र थांबा. डू यू हॅव लँड? किती एकर? आपण सरळ सांगतो, आहे ना, तीन एकर, कापूस आणि तूर. इंग्रजीतही ‘वी हॅव थ्री एकर्स’ म्हणायला हरकत नाही. घरचं शेत आहे, आपण त्यात राबतो. पण ‘आय ओन थ्री एकर्स’ म्हणायचं तर सातबारावर नाव पाहिजे. हॅव म्हणजे आहे, ओन म्हणजे मालकीचं आहे. कर्जाच्या फॉर्मवर ओन हा शब्द दिसला तर आधी सातबारा पहा, मगच खूण करा. नवऱ्याच्या हयातीत त्याच्या सातबारावर बायकोचंही नाव सहहिस्सेदार म्हणून लावता यावं, यासाठी आपल्या राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. त्याच्या आधी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं याच नावानं गावोगाव मोहीम चालवली होती. आमच्या बैठकांत मी विचारते, किती जणींचं नाव आहे? हात फार थोडे वर येतात. हा विषय मोठा आहे, वेगळ्या अंकात लिहीन.

म्हणजे ‘हॅविंग’ कधीच म्हणायचं नाही का? म्हणायचं. जिथे हॅवचा अर्थ ‘जवळ असणं’ नाही तर काही करणं, खाणं-पिणं, अनुभवणं असा आहे, तिथे चालते. आय ॲम हॅविंग टी, मी चहा घेत आहे. वी आर हॅविंग अ मीटिंग, आमची बैठक सुरू आहे. आय ॲम हॅविंग प्रॉब्लेम्स विथ माय फोन, फोन सारखा त्रास देत आहे. या गोष्टी सुरू होतात आणि संपतात. मला एक सोपी पारख सापडली. मराठीत ‘घेत आहे, करत आहे, सुरू आहे’ असं म्हणता येत असेल तर हॅविंग. नुसतं ‘आहे’ असेल तर हॅव. ‘मी भाऊ घेत आहे’ असं कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे हॅविंग नाही.

मग एक ‘हॅव टू’ आहे. हॅवच्या मागून ‘टू’ आणि काम आलं की अर्थ पूर्ण बदलतो. असणं राहत नाही, ‘करावं लागते’ होते. आय हॅव टू गो, मला जावं लागते. यू हॅव टू पे ऑन द फिफ्थ, पाच तारखेला भरावं लागेल. शी हॅज टू साइन, तिला सही करावी लागते. आणि ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे गरज नाही. याचं एक वाक्य पाठच करा: टू रिसीव्ह मनी, यू डोन्ट हॅव टू एंटर द पिन. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन पैसे देताना लागतो. कोणी फोन करून ‘तुमचे पैसे आले, घ्यायला पिन टाका’ म्हणाला तर तो चोर समजा आणि फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० नंबरवर फोन करा, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे.

आता ज्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. हॅवचा तिसरा वापर. इथे हॅव काही असणं सांगत नाही, करणं लागतेही सांगत नाही. तो दुसऱ्या क्रियापदाच्या आधी येऊन बसतो आणि सांगतो की हे काम झालेलं आहे. शाळेत याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. आय हॅव पेड, मी भरले आहेत. शी हॅज साइन्ड, तिनं सही केली आहे. वी हॅव रिसीव्ह्ड, आम्हाला मिळाले आहेत. इथे मात्र आपली मराठी मदतीला येते, कारण आपणही शेवटी ‘आहे’ लावूनच हे म्हणतो. ‘भरले’ आणि ‘भरले आहेत’ यात जो फरक, जवळपास तोच.

मध्ये ‘बीन’ आलं की कोणी केलं ते सांगत नाहीत, फक्त झालं ते सांगतात. हॅज बीन क्रेडिटेड, जमा झाले आहेत. हॅज बीन डेबिटेड, वजा झाले आहेत. कधी मेसेजमध्ये पूर्ण वाक्य असते, कधी नुसता शेवटचा शब्द. क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले, हे घरातल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं तरी चालेल. आणि ‘हॅज बीन’च्या जागी ‘विल बी’ असेल तर अजून झालेलं नाही, होणार आहे. ‘विल बी डेबिटेड’ दिसलं तर खात्यात पैसे ठेवायला वेळ आहे.

आता कर्जाचा कागद. गेल्या वर्षी एक ताई मला भेटल्या. घरोघर येऊन कर्ज देणाऱ्या एका संस्थेकडून त्यांनी ४०,००० घेतले होते. नाव लिहीत नाही. कागद इंग्रजीत होता आणि खाली त्यांची सही होती. सहीच्या वर दोन वाक्यं होती. ‘आय हॅव रेड अँड अंडरस्टूड द टर्म्स.’ ‘आय हॅव रिसीव्ह्ड द फुल लोन अमाउंट.’ मी अर्थ सांगितला: मी अटी वाचल्या आहेत आणि समजून घेतल्या आहेत. मला कर्जाची पूर्ण रक्कम मिळाली आहे. ताई म्हणाल्या, “वाचल्या? मले तर इंग्रजी येतच नाही. आन् सही केली तवा पैसेही आले नव्हते, तिसऱ्या दिवशी आले.” आणि आले ते ४०,००० नाही, फी आणि विमा कापून आले. विमा आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पहा, एका छोट्या हॅवनं काय केलं. जे काम झालंच नव्हतं ते झालं आहे असं त्यांच्या हातून लिहून घेतलं. ‘आय विल रिसीव्ह’ असतं तर गोष्ट वेगळी होती.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. नियम तुमच्या बाजूनं आहेत. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेल्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केले. त्यात कर्जाचा करार कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा असं स्पष्ट आहे. आपल्यासाठी ती भाषा मराठी. व्याज, फी, विमा हे सगळं लिहिलेला एक माहितीचा कागद आधी द्यायचा आहे, आणि त्या कागदावर नाही ती रक्कम तुमच्याकडून घेता येत नाही. विम्यासारखी जास्तीची गोष्ट तुमच्या संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही. हप्ते लिहायचं कार्डही समजेल अशा भाषेत हवं. त्या ताई ग्रामसंघाच्या अध्यक्षांना घेऊन शाखेत गेल्या आणि मराठी प्रत मागितली. आधी नाही म्हणाले, मग आठवड्यानं दिली. विम्याचे पैसे परत मिळाले नाहीत, पण दुसऱ्या कर्जाच्या वेळी त्यांनी विमा नको म्हणून लिहून दिलं.

तेव्हा इंग्रजी कागदावर सहीच्या जवळ ‘आय हॅव’ दिसलं की बोट तिथे ठेवा आणि पुढचा शब्द विचारा. रेड म्हणजे वाचलं आहे. रिसीव्ह्ड म्हणजे मिळालं आहे. अग्रीड म्हणजे मान्य केलं आहे. मग स्वतःलाच विचारा, हे खरंच झालं आहे का? झालं नसेल तर थांबा. कागद आणणारे साहेब घाईत असतील. असू द्या, त्यांनाही चहा पाजा.

एक छोटी गोष्ट राहिली, दवाखान्याची. ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ याचं आपण ‘आय ॲम हॅविंग फीवर सिन्स थ्री डेज’ करतो. बरोबर वाक्य आहे, ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’. दोनदा हॅव पाहून गोंधळू नका. पहिला हॅव मदतीला आलेला, दुसरा तापाचा. पण खरं सांगू, आपल्या यवतमाळात डॉक्टरांशी मराठीतच बोला. अंगातला ताप त्यांना मराठीतही समजतो. हे वाक्य पुण्याला किंवा हैद्राबादला शिकायला गेलेल्या तुमच्या मुलीला सांगा, तिच्या कामी येईल.

मुलींवरून आठवलं. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्यातल्या ज्या चाळिशीच्या आहेत त्यांनी पाचवीत एबीसीडी गिरवली, आणि तुमची नात पहिलीतच ‘आय हॅव अ डॉल’ म्हणून येते. तिच्या वहीत ‘शी हॅव अ डॉल’ असं दिसलं तर आता तुम्हाला चूक दाखवता येईल. सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह छापला, त्यात इंग्रजी शिका म्हणून सांगणारी कविता आहे. तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्या बाया बोटावर मोजण्याइतक्या असतील. आपल्या ग्रामसंघात तर एका बैठकीला चाळीस जणी येतात.

घरी करायचं काम देते. ही वाक्यं इंग्रजीत म्हणून पहा, लिहिता आलं नाही तरी तोंडानं म्हणा, लेकरांची मदत घ्या. माझ्याकडे दोन शेळ्या आहेत. माझ्या सासूबाईंकडे एक म्हैस आहे. आमच्या गटाचं बँकेत खातं आहे. आमच्या गटावर कर्ज नाही. आमची बैठक सुरू आहे. मला उद्या बँकेत जावं लागते. मी हप्ता भरला आहे.

पुढच्या बैठकीला येताना मोबाईलमधले शेवटचे तीन इंग्रजी मेसेज आणि घरात असलेला कर्जाचा कोणताही एक कागद सोबत आणा. झेरॉक्स आणली तरी चालेल. बँक सखी ताईही येणार आहेत, आपण एकेक कागद मिळून वाचू. ज्या ताईंचे ४३६ गेले त्यांना मी सांगून ठेवलं आहे, पहिला मेसेज त्याच वाचणार.